वर की खाली

"नाही लिहिणार, फादर," वेनेता म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, म्हणून फादर योआकिमना आधी वाटलं, ती हो म्हणाली.

"काय?"

"शेवटचा परिच्छेद. मी लिहिणार नाही."

फादर एका डोंगराळ गावचे पाद्री, आणि चर्चच्या मासिकाचे संपादकही तेच. वेनेताची नवी गोष्ट त्यांच्या मांडीवर होती. स्तोइलची गोष्ट. आईची कर्णफुलं चोरून तो वार्ना बंदराकडे पळतो, जहाजावर चढतो. पुढे ना पत्र, ना निरोप. म्हातारी आई चर्चमध्ये मेणबत्ती पेटवते. जिवंतांची मेणबत्ती वरच्या तबकात लावायची, मेलेल्यांची खाली वाळूत. जिवंत माणसाची चुकून खाली लावली, तर त्याचं मरण आपणच ओढवून आणलं म्हणायचं. म्हातारी दोहोंच्या मध्ये उभी राहते. मेण बोटांवर ओघळतं. गोष्ट तिथेच संपते.

"संपते कसली, अडकते!" फादर म्हणाले. "वर की खाली? सांगून टाक की बाई. तो परत आला, आईच्या पायांवर पडला, पापं कबूल केली. चार ओळींचं काम. इतकी वर्षं लिहीत आलीसच ना?"

"लिहीत आले. म्हणून तर कोणी वाचत नाही."

ते खरंच होतं. तिच्या गोष्टीतला दारुडा शेवटी दारू सोडायचाच. नास्तिक आजारी पडायचा आणि ताप उतरला की क्रूसाची खूण करायचा. लोक मासिक भक्तिभावाने घरी न्यायचे आणि त्यावर मिरच्यांचं बी वाळत घालायचे. चर्चमध्ये मेणबत्त्या विकणाऱ्या कालिनाआजीने तर तोंडावर सांगितलं होतं, "तुझा माणूस दारातून आत आला की मला कळतं, हा आता रडणार. मग मी दूध उतू गेलं का बघायला उठते."

त्या दिवशी वेनेताने घरी येऊन लिहून तयार असलेली गोष्ट चुलीत घातली. पुढचा सगळा हिवाळा ती ही एकच लिहीत होती. रोज सकाळी मरियेच्या चित्रापुढे दिवा, गुडघे टेकून प्रार्थना, मग लेखणी. एक ओळ लिहायची, दोन खोडायच्या.

"ख्रिस्ती लेखिका म्हणवतेस. लोकांना आशा दाखवणं तुझं काम," फादर म्हणाले.

"आशा म्हातारीच्या हातात आहे, फादर. पेटलेली आहे. ती कुठे लावायची, ते मी सांगणार नाही."

फादरांनी कागद मिटले. "माझा भाऊही असाच होता. जहाजावर गेला, तो गेलाच. मी त्याची मेणबत्ती खाली लावतो. विषय संपला. माणसाला शेवट लागतो, वेनेता."

"तो गेल्याची खबर आली होती?"

फादर एकदम उठले. "रविवारी उपासनेनंतर मीच वाचून दाखवतो. आहे तशी. लोकांना भिडली तर छापतो. नाही तर मासिकातलं तुझं पान पुढच्या अंकापासून संतांच्या चरित्रांना. तू आपली लोणची घाल."

"चालेल. एक शब्द घालायचा नाही."

"आणि गाळायचा?"

"तोही नाही."

तो क्षमेचा रविवार होता, मोठ्या उपवासाच्या आधीचा. चर्च भरलेलं. फादर मनाविरुद्ध वाचत होते, तरी चांगलं वाचत होते. शेवटच्या ओळीवर ते थांबले. पुढचं ऐकायला लोक बसून राहिले. फादरांनी कागद उलटा करून दाखवला. मागे काहीच नव्हतं.

मग सगळे उठले, रीतीप्रमाणे एकमेकांची क्षमा मागू लागले. वेनेताकडे कोणी आलं नाही. ती अंगणात जाऊन भिंतीपाशी उभी राहिली.

फादर मागोमाग आले. "पाहिलंस? एक शब्द नाही. मागच्या दारुड्याला निदान 'छान' तरी म्हणाले होते."

"तरी नाही लिहिणार."

"पान गेलं तुझं."

"जाऊ दे. गोष्ट आहे तशी राहील."

तेवढ्यात कालिनाआजी डोक्यावरचा रुमाल सावरत बाहेर आली. "फादर, आत चला आधी! मेणबत्त्या संपल्या. वरच्या तबकात बोट शिरायला जागा नाही, मेण पार फरशीवर आलंय. ढकलाढकली चाललीय नुसती!"

"आज कुठल्या संताचा सण आहे?"

"संत कसला! त्या चोरट्या स्तोइलसाठी लावतायत. मी त्या लोहाराला एवढंच म्हटलं की मेला असेल रे तो, खाली लाव. तर अंगावरच आला माझ्या. म्हणतो, तुला कोणी सांगितलं?"

"अगं, पण स्तोइल नाहीच! ती गोष्ट आहे!"

"हे मला नका सांगू, त्यांना सांगा," आजी म्हणाली आणि नजर चुकवून पुटपुटली, "मीसुद्धा एक लावलीय."

फादर आत गेले. मागून वेनेता. वरचं तबक नुसतं धगधगत होतं. खालच्या वाळूत रोजच्या तेवढ्या. लोक आपोआप बाजूला झाले. फादरांनी वेदीवरची एक मेणबत्ती आणली, पेटवली आणि दोहोंच्या मध्ये उभे राहिले. मेण बोटांवर ओघळलं. ते हलले नाहीत.

"वर की खाली, फादर?" वेनेताने हळूच विचारलं.

"त्या स्तोइलला जरा सरकव," फादर म्हणाले. "माझा भाऊही आहे."