यतीनमार्फत

"बारा कमानी होत्या. सात उरल्यात," एकनाथरावांनी समोरच्या जुन्या दगडी सेतूच्या कमानी बोटाने मोजून जाहीर केलं. "यतीन, तिला सांग, कमानीत सिमेंट लागत नाही. दगडच दगडाला धरून ठेवतो."

'ती' म्हणजे त्यांची सून आसावरी. ती त्यांच्यापासून तीन हातांवर उभी होती आणि कानांनी ठणठणीत होती. शिवाय सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी तिच्याकडेही होती, पुण्याची, पहिल्या वर्गातली. पण सासरे सुनेशी थेट बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं, घराची रीतच तशी होती. चहा उरलाय का, खिडकी उघडू का, सगळं मुलामार्फत, म्हणजे यतीनमार्फत.

भाड्याच्या गाडीत सकाळपासून तीन तास हेच चाललं होतं. "तिला सांग, थालीपीठं झकास झालीत," पुढच्या सीटवरून सासरे म्हणाले. यतीनने रस्त्यावरची नजर न हलवता निरोप मागे दिला, "बाबांना अजून एक दे." आसावरीला दोन्ही ऐकू आलं होतं. तिने मुकाट्याने थालीपीठ पुढे केलं. सासूबाई आल्याच नव्हत्या. दगड बघायला जाऊन-येऊन सहा तास गाडीत बसणं त्यांना पटलं नाही.

एकनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नगर जिल्ह्यात कालव्याचं पाणी नदीवरून पलीकडे नेणारा एक जलसेतू त्यांनी स्वतः उभा केला होता. रोमन लोकांचे दोन हजार वर्षांपूर्वीचे जलसेतू बघायचे, ही त्यांची कॉलेजपासूनची इच्छा. पण ते सेतू राहिले युरोपात आणि हे आले अमेरिकेत, मुलाकडे. मग इथल्या एका जुन्या कालव्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी रोमनांवरून बेतलेला हा सेतू यतीनने इंटरनेटवर शोधून काढला. दुधाची तहान ताकावर. पण म्हातारा ताकही चवीने पीत होता. प्रत्येक खांबाला हात लावून बघत होता.

आसावरीचं लक्ष कमानींत नव्हतं. स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात तिला एम. एस.ला प्रवेश मिळाला होता. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि आज शनिवार होता. तीन वर्षं ती नवऱ्याच्या व्हिसावर जर्सी सिटीतल्या एकविसाव्या मजल्यावर बसून होती. त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. शिकता येत होतं. "बाबा ऐकणार नाहीत यार," यतीन गेले सहा महिने म्हणत होता. "मी विषय काढून बघितला. सून एकटी दुसऱ्या गावात राहणार, हे त्यांना चालणारच नाही. नेक्स्ट इयर बघू."

पहिल्यांदा हे ऐकून ती रडली होती. दुसऱ्यांदा चिडली होती. आज गाडीत बसतानाच तिने ठरवून टाकलं होतं. सासऱ्यांना आवडो न आवडो, आज सांगायचं. आणि आपल्या तोंडाने सांगायचं.

यतीन मात्र दिवसभर बापाला चिकटून होता. अखेर कॅमेरा गाडीत राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो पार्किंगकडे गेला. आसावरी तीन पावलं पुढे झाली.

"बाबा."

एकनाथराव दचकले. सवयीने त्यांनी यतीनला शोधलं. तो लांब होता.

"कमानीत सिमेंट लागत नाही, ते मला माहीत आहे. मीही तेच शिकलेय." आपला आवाज कापत नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "मला पुढे शिकायचंय. ऑगस्टमध्ये मी स्टेट कॉलेजला जाणार आहे, दोन वर्षांसाठी. तुम्हाला ते पसंत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी विचारत नाहीये बाबा. सांगतेय."

बोलून झालं आणि तिला एकदम मोकळं वाटलं. आता काय व्हायचं ते होऊ दे. मागून धावत्या पावलांचा आवाज आला.

"बाबा, फोटो काढू या ना. लाइट मस्त आहे," म्हणत यतीन धापा टाकत दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. "तुम्ही त्या खांबापाशी उभे राहा."

एकनाथरावांनी त्याला हाताने बाजूला सारलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत पहिल्यांदाच ते सुनेकडे सरळ बघून बोलले.

"मला पसंत नाही? अगं, दिवाळीच्या फोनवरच मी याला म्हटलं, तिला शिकायला पाठव. तर हा म्हणाला, तूच नको म्हणालीस."