उरलेली एक जागा

आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात एकच जागा उरली होती, आणि ती दुसरे महाविद्यालय सोडून येणाऱ्या खेळाडूने भरायची, असे मी ठरवले होते. अडतीस वर्षे मी या संघाची प्रशिक्षक आहे. येता हंगाम माझा अखेरचा, आणि संघाची कर्णधार माझी नात सिग्रिड. चेंडू पुढे नेण्यात तिला तोलामोलाची साथ मिळावी, एवढीच माझी इच्छा होती.

पूर्वी संघ सोडून जाणारी मुलगी माझ्यासमोर उभी राहून परवानगी मागत असे. आता कोणालाही न विचारता तिचे नाव महाविद्यालय बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत चढते आणि ती यादी देशभरातले प्रशिक्षक पाहतात. माझी साहाय्यक लोर्ना ती मला रोज सकाळी वाचून दाखवते. आधी खेळ सांगायचा आणि नाव शेवटी, हा माझा दंडक आहे. नाव आधी कळले की माणूस पक्षपात करतो.

"पाच फूट आठ इंच," लोर्नाने वाचले. "अजून दोन वर्षं खेळू शकते. शंभरातले एक्क्याण्णव फ्री थ्रो अचूक टाकते."

"हीच घ्यायची. दुसरं कोणी उचलायच्या आत फोन लाव."

लोर्ना हलली नाही.

"अगं, बघत काय बसलीस? अशी पोर हातची घालवणारा बावळट कोच आहे तरी कोण?"



"तुम्हीच, कोच. ही आपली सिग्रिड आहे."