चिमूटभर जेरुसलेम

पुतणीने ओटीवर पिशवी ठेवली. “काका, हे बाबा,” ती म्हणाली. आत काळी, भुसभुशीत माती होती. अमेरिकेत आता मयताची अशी माती करून देतात आणि बाबांनीच तसं लिहून ठेवलं होतं. आता त्यांना गावच्या कब्रस्तानात आजीशेजारी ठेवायचं होतं.

एलियाझर पेणकरांचं टाळकं सणकलं. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक यहुदी पुरुषाच्या मयताला त्यांनीच आंघोळ घातली होती, बिनखिशाचं कफन नेसवलं होतं. पाठच्या भावाचं कफनही शिवून पेटीत तयार होतं.

“न्हाऊ कोणी घातलं त्याला? कफन कोणी नेसवलं? देह होता तसा जमिनीत ठेवायचा, असा आपला धर्म सांगतो. घेऊन जा हे!”

पुतणी जागची हलली नाही. “बाबा म्हणायचे, दादा सगळ्यांना न्हाऊ घालतो. त्याची वेळ येईल तेव्हा त्याला कोण घालणार?”

शेजारचं बिऱ्हाड इस्रायलला गेल्यापासून गावात यहुद्यांचं एलियाझरांचं एकट्याचंच घर उरलं होतं.

ते आत गेले आणि पितळी डबी घेऊन आले. तिच्यात जेरुसलेमची चिमूटभर माती होती. ती मयताच्या डोळ्यांवर घालायची रीत. एवढी शेवटची त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती.

पिशवीपाशी ते मांडी घालून बसले. डबी उघडून त्यांनी चिमूट उचलली, आणि हात तसाच थांबला.

“पोरी,” त्यांनी हलकेच विचारलं, “याचे डोळे कुठे असतील गं?”