पंख्यापुढची हाक

“सगळं खरं, पण मागणी घालायला वडीलधारं माणूस कुठाय?” नाथान अडूनच बसला.

समोर योराम हातातली टोपी चुरगाळत उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं आणि नाथानचं हिब्रू बाजारापुरतं. मधे दालिया. लेकीने बापाचा प्रश्न हिब्रूत सांगितला, योरामचं उत्तर मराठीत आणलं.

“अब्बा, त्याचं कोणी नाही. आई-बाबा युरोपात, युद्धात गेले. तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे गो. पण आमच्यात मुलगा स्वतः येऊन मुलगी मागत नाही. पद्धत ती पद्धत!”

नाथानची बायको रोझ साखरेची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खोळंबली होती. जावई तिने कधीच पसंत केला होता. नाथाननेही केला होता, पण पद्धत मोडवेना, दुखणं तेच!

रामल्या गावाबाहेरच्या कापसावर औषध फवारायचं विमान योराम उडवायचा आणि नाथान ते सुरू करून द्यायचा. या देशात येण्याआधी जुहूच्या फ्लाइंग क्लबात शिकलेलं काम. विमानापुढे उभं राहायचं, पंख्याचं पातं धरायचं आणि ओरडायचं, “कॉन्टॅक्ट!” आत बसलेल्याने स्विच चालू करून तोच शब्द परत द्यायचा. मग पातं खसकन ओढायचं आणि झटकन मागे सरायचं, नाहीतर हात गेला म्हणून समजा. उत्तर फक्त उडणाऱ्याने द्यायचं. एकदा बाजूला उभा असलेला शेतमालकच हौसेने “कॉन्टॅक्ट” ओरडला, तर नाथानने त्याला झापलं होतं, “तू उडणार आहेस का? मग गप!”

गेल्या हंगामात बटणाचं विमान आलं. बोटाने दाबलं की सुरू. त्या शब्दाला कुणी विचारेना. नाथानला फार वाईट वाटलं होतं.

“घोडं कुठे अडलंय म्हणते मी!” रोझचा धीर सुटला. “अहो, इतकी वर्षं या पोरासाठी पंख्यापुढे उभं कोण राहिलं? त्याला वडीलधारं माणूस आणखी कुठून आणायचं?”

नाथान ताडकन उठला. चपला घातल्या, योरामचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन तरातरा बाहेर गेला. मागे दार धाडकन लोटलं.

“घालवलं गो त्याला!” रोझ मटकन बसली. दालियाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

“कोण आहे?” रोझने घाबरत विचारलं.

“मुलाकडची माणसं!” बाहेरून नाथानचा आवाज आला.

रोझला हसू आवरेना. दालियाही डोळे पुसतापुसता हसली. बाहेर नाथानने घसा खाकरला आणि सगळी आळी दणाणेल असा ओरडला, “कॉन्टॅक्ट!”

“कॉन्टॅ...” रोझने आनंदाने सुरुवात केली.

“गप गो! तू उडणार आहेस का?”

रोझने तोंडावर हात ठेवला. मग दालिया दारापाशी धावली.

“कॉन्टॅक्ट!”

नाथानने दार खसकन ओढलं, आणि सवयीने झटकन मागे सरला.