फाटकावरची टोपली

फाटकाशी ठेवलेल्या टोपलीत मोबाइल टाकून एकेक जण परीक्षेला आत जात होता. ठमीचा मोबाइल मात्र अजून मुठीतच होता आणि पाय बसथांब्याकडे वळले होते. वर्षभर केलेला अभ्यास सकाळपासून कुठल्या बिळात दडून बसला होता कोण जाणे. हा पेपर बुडाला की वर्ष बुडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी मन एकच सांगत होतं, पळ.

तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"ठमे, पोचलीस?"

"कधीच! बाकावर बसलेसुद्धा," तिनं ठोकून दिलं.

परीक्षेला भीक न घालणारी वाघीण, असं आपलं चित्र तिनं घरी रंगवून ठेवलं होतं. बाबांचं केस कापायचं दुकान. फोन कान आणि खांद्यात धरून, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री चालवता चालवता ते रोज विचारायचे, "भीती वाटली की तू काय करतेस गं?" मग ती तोंडाला येईल ते उपाय फेकायची. पायाचे अंगठे हलवायचे. पर्यवेक्षक टॉवेल गुंडाळून आंघोळीला निघालेत, असं समजायचं. यातला एकही उपाय तिनं स्वतः कधी करून पाहिला नव्हता.

"मग मला जरा सांग," बाबांचा आवाज खाली आला. "आईला बोलू नकोस. मीपण बाहेरून पदवीला नाव घातलंय. आज पहिला पेपर. फाटकाशी उभा आहे, पण पाय काही उचलत नाहीत. जाऊ का घरी परत?"

पन्नाशीतला बाप आणि पदवी!

"अजिबात जायचं नाही!" ती एवढ्या जोरात ओरडली की फुटपाथवरचं कुत्रं दचकून उठलं. "आधी अंगठे हलवा. हलवले?"

"हलवले. तूपण हलव, म्हणजे मला धीर येईल."

तिचे अंगठे बुटात वळवळले. "आता एक पाऊल टाका. आता दुसरं." बापाला आत ढकलता ढकलता ती स्वतःच टोपलीपाशी येऊन ठेपली. "पर्यवेक्षक दिसले की टॉवेल आठवा," ती म्हणाली आणि तिलाच फिस्सकन हसू आलं. मोबाइल टोपलीत पडला.

पेपर बरा गेला. झकास नाही, पण पास होण्यापुरता नक्की. बाहेर आल्या आल्या तिनं फोन लावला. पलीकडे कात्रीची कचकच चालली होती.

"बाबा, इतक्यात दुकानात? तुमचा पेपर?"

"कसला पेपर? सकाळपासून या खुर्चीमागेच उभा आहे मी."

"लबाड कुठले! पण मी बाहेरच आहे, हे तुम्हाला कळलं कसं?"

कात्री थांबली.

"मोबाइल फाटकावरच काढून घेतात, हे तूच सांगितलं होतंस ना, ठमे? तू उचलू नयेस, या आशेनंच तर फोन केला होता."