जोडीतला दुसरा एसी

हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये दोन एसी होते. एक बंद पडला तर दुसऱ्याने वेळ निभावून न्यायची. त्यातला दुसरा संचालकांनी काढून भिंतीपलीकडच्या आपल्या केबिनमध्ये लावून घेतला. सर्व्हर सांभाळणारी इंजिनीयर तणतणत गेली, तर ते तिच्यावरच उखडले.

"यंत्रांचे कसले लाड करताय? तुमचं काम वायरी जोडायचं, मला अक्कल शिकवायचं नाही!"

ती दातओठ खात परतली.

आठवड्याभरातच, संचालक जेवायला गेलेले असताना, उरलेल्या एसीने मान टाकली. आयसीयूतल्या पेशंटची सगळी माहिती त्या सर्व्हरवर होती आणि तो तापून बोंबलायला लागला. नशीब, त्याला वीज दोन वायरींनी मिळत होती. त्यातली एकेक काढून लांबच्या प्लगला लावत तिने सर्व्हर क्षणभरही बंद पडू न देता त्याचं चाकांवरचं कपाट हलवलं.

संचालक परतले तेव्हा त्यांच्या केबिनमधून घरघर ऐकू येत होती आणि दाराला कुलूप होतं.

"माझी खुर्ची कुठाय?" ते गरजले.

 

"सर्व्हर रूममध्ये ठेवलीय, साहेब. तिथे आता भरपूर जागा झालीय."