लांबलेला डाव

क्यूच्या टोकाला खडू लावता लावता त्याने शेवटच्या रांगेकडे बघून घेतलं. बाई आल्या होत्या.

आज त्याची बिलियर्ड्सची शेवटची फायनल. वयाने आता नेम ढळू लागला होता. शोभा होण्याआधी थांबलेलं बरं, असं त्याने ठरवलं होतं. आणखीही एक ठरवलं होतं. मॅच संपली की बाईंशी बोलायचं.

त्याची सगळी कारकीर्द या बाईंच्या नावावर होती, आणि नाव तेवढं त्याला ठाऊक नव्हतं.

तरुणपणी तो झोकात खेळायचा. लांबून चेंडू पॉकेटात घालायचा, टाळ्या घ्यायचा आणि हरायचा. एकदा तिन्ही चेंडू कोपऱ्यात जवळजवळ आले आणि तो बारीक बारीक कॅनन मारत बसला. आपल्या चेंडूने बाकीच्या दोघांना हळूच शिवायचं, दोन गुण. पुन्हा शिवायचं, आणखी दोन. बघणारे जांभया देत उठून गेले. बाई तेवढ्या राहिल्या, डोळे मिटून, जीव मुठीत धरल्यासारख्या. त्याला वाटलं, या आपल्यासाठी देव पाण्यात घालून बसल्या आहेत.

तेव्हापासून तो तसाच खेळू लागला. लोक म्हणायचे, सुरू झालं याचं गुऱ्हाळ. पण करंडक येत गेले. धंदेवाईक खेळाडू व्हायचं बोलावणं आलं, तर शहर सोडावं लागेल म्हणून नाही म्हणाला आणि दिवसा औषधांच्या दुकानात गोळ्या विकत राहिला. ताईने चार स्थळं आणली, मग हात टेकले.

"आता त्या टेबलाशीच लग्न लाव," ती म्हणाली. "निदान ते उलट बोलायचं नाही."

बाईंशी बोलायला मात्र त्याची जीभ कधी रेटली नाही. टेबलावर वाघ, टेबलाबाहेर भिजलेलं मांजर. गुण पुकारणारा मार्कर इतकी वर्षं तोच होता, त्याच्याशीही आकड्यांपलीकडे बोलणं नव्हतं. तो माणूस तरी आकड्यांशिवाय कुठे काय बोलायचा? टेबलावरच्या या वाघाला घरी एकुलता एक कप विसळताना बाई आठवायच्या. त्या एकट्या यायच्या, एकट्या जायच्या. म्हणजे आपल्यासारख्याच, असं त्याने धरून ठेवलं होतं.

आजही चेंडू जुळून आले.

"बावन्न... चोपन्न... छप्पन्न," मार्करचा आवाज खणखणीत होता. प्रतिस्पर्धी खुर्चीत नुसता चुळबुळत राहिला.

तो जिंकला. टाळ्या थांबायच्या आत क्यू ठेवून शेवटच्या रांगेपाशी पोचला.

"बाई, जरा थांबता?"

त्या थांबल्या.

"आजपासून मी खेळ सोडतोय."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. ते बघून त्याचा जीव सुपाएवढा झाला.

"असं नका करू हो," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"भेटायला खेळच कशाला हवा? आपण कुठेतरी चहा घेऊ. निवांत बोलू."

बाई गोंधळल्या. "मला तुमच्या खेळातलं काही कळत नाही."

"मग इतकी वर्षं..."

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. मार्कर त्यावर कापड अंथरत होता.

"ते माझे मिस्टर," त्या हळूच म्हणाल्या. "आमचा मुलगा गेला तेव्हापासून घरात एक शब्द बोलत नाहीत. तुमचा डाव लांबला की तेवढाच त्यांचा आवाज कानावर पडायचा."